मुलाला ओळखणारी माणसे

मूल जेव्हा स्वतःच्या घरातून प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे त्याला काही काळ सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, येते, तेव्हा त्याने काय काय गमावले याची एक यादी त्याच्या फाइलमध्ये लिहिलेली असते: आई किंवा वडील, कधी दोघेही, घर, शाळा, क्वचित भावंडे. मुलांच्या समुपदेशनाचे काम करताना अशा फाइली मी पुष्कळ वाचल्या आहेत आणि त्यांत एक नोंद मला जवळजवळ कधीच आढळलेली नाही. ज्यांना या मुलाच्या वागण्याचा अर्थ न सांगता कळत होता, ती माणसेही त्याने गमावलेली असतात. ते गप्प बसले की रुसले आहे, घाबरले आहे की नुसतेच विचारात आहे, हे ओळखणारी आजी. मोठ्यांशी बोलताना ते खाली का पाहते, हा प्रश्नच ज्याला पडणार नाही असा शेजारी. झोपताना ते जे पुटपुटते ती प्रार्थना आहे हे ठाऊक असलेली मावशी. ही माणसे दूर गेली तरी मुलाचे वागणे तेच राहते. त्याच्याकडे पाहणारे मात्र बदलतात आणि नव्यांना त्याच वागण्यात लक्षणे दिसू लागतात.

मुलाच्या संस्कृतीशी सुसंगत असा मानसिक आधार कसा द्यावा, याचा विचार मी इथून सुरू करते. एरवी ही चर्चा फार लवकर सणांवर, पोशाखांवर आणि भिंतीवर लावायच्या चित्रांवर येऊन थांबते. त्या गोष्टींना माझी हरकत नाही, परंतु वर्षातून एकदा साजरा केलेला सण मुलाचे एखादे वाक्य समजून घेणाऱ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. अशी माणसे मुलाच्या आयुष्यात टिकवणे, तुटली असल्यास पुन्हा जोडणे आणि जिथे ते अशक्य असेल तिथे निदान त्यांना विचारून पुढे जाणे, हा मानसोपचाराचाच भाग आहे असे माझे मत आहे. व्यवहारात हे काम समाजसेवकाच्या वेळापत्रकातील एक रकाना मानले जाते आणि उपचार मात्र बंद खोलीत, आठवड्यातून एक तास, वेगळेच चाललेले असतात.

जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या ब्रिटिश दांपत्याचे काम मला या संदर्भात वारंवार आठवते. आई आणि मूल यांच्यातील अनुबंधाचा सिद्धांत मांडणारे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे जेम्स हे सहकारी होते. १९६०च्या दशकात या दोघांनी साधारण दीड ते अडीच वर्षांच्या चार मुलांना, त्यांच्या आया बाळंतपणासाठी रुग्णालयात असताना, एकेक करून आपल्या घरी सांभाळले आणि त्या दिवसांचे चित्रीकरण केले. त्याच मालिकेत जॉन नावाचा १७ महिन्यांचा एक मुलगाही आहे, जो अशाच कारणासाठी ९ दिवस एका निवासी संगोपनगृहात राहिला. तेथील परिचारिका प्रेमळ होत्या, पण पाळ्या बदलत तशा त्या बदलत असत आणि कोणतीही एक जण जॉनची नव्हती. तो हळूहळू खचत गेला आणि शेवटी आई न्यायला आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. रॉबर्टसन यांच्या घरी आलेली चारही मुले अस्वस्थ झाली, रडली, चिडली, पण अशी कोलमडली नाहीत.

जॉयस यांनी जे केले ते फार साधे होते. मुलाला आधीच काही वेळा घरी बोलावून त्याची ओळख करून घेतली. ते कसे झोपते, कशाला घाबरते, कोणत्या शब्दाने काय मागते हे आईकडून समजून घेतले. त्याचे अंथरूण आणि खेळणी त्याच्यासोबत आणवली. आणि आईचा फोटो जवळ ठेवून तिच्याविषयी रोज बोलत राहिल्या. म्हणजे मुलाला ओळखणाऱ्या माणसाकडून ती ओळख जॉयस यांनी आपल्याकडे घेतली आणि त्या माणसाला मुलाच्या बोलण्यातून पुसले जाऊ दिले नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की इथे देश तोच, भाषा तीच, मुक्काम थोड्या दिवसांचा आणि आई परत येणार हे निश्चित होते. एवढ्या अनुकूल परिस्थितीतही एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी इतकी तयारी लागली. मग ज्या मुलाची भाषा, धर्म, अदब आणि परतीची खात्री या सगळ्या गोष्टी एकाच संध्याकाळी बदलतात, त्याच्यासाठी एक परिचयपत्र आणि कपड्यांची पिशवी पुरेशी कशी मानली जाते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आपण ज्या मोजपट्ट्या वापरतो त्याही एका विशिष्ट प्रकारच्या घरात तयार झालेल्या असतात. मूल आणि आई यांच्यातील अनुबंधाचा अभ्यास करणाऱ्या मेरी एन्सवर्थ यांनी आपली पहिली महत्त्वाची निरीक्षणे १९५४-५५ मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या खेड्यांत, घरोघरी जाऊन केली होती. आज जी सर्वत्र शिकवली जाते ती त्यांची कसोटी मात्र नंतर अमेरिकेत, बाल्टिमोर येथे, एका खोलीत घडवली गेली: आई थोड्या वेळासाठी बाहेर जाते, अनोळखी बाई आत येते आणि आई परतल्यावर बाळ कसे वागते हे पाहिले जाते. हीच कसोटी जपानमध्ये साप्पोरो येथे वापरली तेव्हा आई परतल्यावरही शांत न होणाऱ्या बाळांचे प्रमाण बरेच जास्त निघाले. त्या बाळांना आईपासून दूर राहण्याची सवयच नव्हती आणि खोलीतील ती काही मिनिटे त्यांच्यासाठी असह्य होती. उत्तर जर्मनीतील बीलेफेल्ड येथे उलट, आईकडे फारसे न वळणारी बाळे अधिक दिसली, कारण मुलाने लवकर स्वतंत्र व्हावे अशी तिथल्या पालकांची अपेक्षा होती. कसोटी टाकाऊ आहे असा याचा अर्थ मी घेत नाही. पण प्रतिपालक कुटुंबात आलेल्या मुलाविषयी कोणी आत्मविश्वासाने ‘अनुबंधात बिघाड’ असे लिहितो, तेव्हा हे मूल याआधी किती माणसांच्या हातांत वाढले होते, हे त्याने विचारले होते का, असे मला विचारावेसे वाटते.

अकरा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना भरवते, झोपवते, रात्री उठून त्यांच्या अंगावर पांघरूण आहे का ते पाहते. प्रतिपालक आई तिला मायेने सांगते की हे आता आमचे काम, तू खेळ. अहवालात ‘मुलीवर पालकाची भूमिका लादली गेली आहे’ असे लिहिले जाते, आणि काही घरांत ते खरेही असते. परंतु अनेक समाजांत थोरल्या मुलीने हे करणे हा तिचा मान असतो, त्यावरून तिचे कौतुक होत असते, आणि घर हरवलेल्या त्या मुलीजवळ स्वतःचे म्हणण्यासारखे तेवढेच उरलेले असते. ते एका दिवसात काढून घेतले की ती चिडचिडी होते, आणि मग त्या चिडचिडीवर उपचार सुरू होतात. तिच्या कामातील थोडे तिच्याकडे ठेवावे आणि बाकीचे तिच्या संमतीने हळूहळू आपल्याकडे घ्यावे, हा मार्ग सुचण्यासाठी मानसशास्त्राच्या पदवीपेक्षा तिच्या आत्याशी झालेले अर्ध्या तासाचे बोलणे अधिक उपयोगी ठरते.

गप्प राहण्याचेही असेच आहे. आश्रयासाठी एकट्याने परक्या देशात आलेल्या मुलांबरोबर समाजसेवक कसे काम करतात याचा अभ्यास करणाऱ्या रवी कोहली यांनी मांडले आहे की या मुलांचे मौन त्यांच्यावर ओझे घालते आणि त्याच वेळी त्यांचे रक्षणही करते. काय सांगितले तर मागे राहिलेल्या कुटुंबाला धोका पोचेल, याचा हिशेब ती मुले सतत करीत असतात. आघातावरील उपचारांत प्रसंग टप्प्याटप्प्याने सांगणे हा महत्त्वाचा भाग असतो आणि त्याचा उपयोग होतो, हे मान्य आहे. मात्र आपल्या घरची गोष्ट परक्यासमोर उघड करणे म्हणजे घराशी बेइमानी, अशा धारणेत वाढलेल्या मुलाला ‘मोकळेपणाने बोल’ असे सांगणे म्हणजे बरे होण्यासाठी आणखी एक नाते तोड असे सांगणे असते. अशा वेळी सांगण्याची परवानगी देऊ शकेल असे माणूस शोधावे लागते, मग ते आजोबा असोत, धर्मगुरू असोत किंवा त्याच समाजातील एखादी वयस्क बाई असो.

शोकाच्या बाबतीत ही पोकळी अधिक जाणवते. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक ज्याला संदिग्ध वियोग म्हणतात, तो प्रतिपालक कुटुंबातील मुलाचा रोजचा अनुभव आहे: आई जिवंत आहे, पण इथे नाही, परत येईल कदाचित, कदाचित नाही. मृत्यूसाठी प्रत्येक समाजाने काही विधी, काही दिवस, काही ठरलेली वाक्ये तयार ठेवली आहेत. या वियोगासाठी मात्र बहुतेक ठिकाणी काहीही ठरलेले नाही, आणि आईला काही कलंक चिकटलेला असेल, तर शेजारीपाजारी सांत्वनालाही येत नाहीत.

इथवर वाचून असे वाटू शकेल की मुलाच्या संस्कृतीची थोडी माहिती असली म्हणजे झाले. त्या समजुतीचा सर्वांत भयंकर परिणाम लंडनमध्ये दिसला. आयव्हरी कोस्टमधून आलेली व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही मुलगी चांगल्या शिक्षणाच्या आश्वासनावर आईवडिलांनी नात्यातील एका आजीच्या हवाली केली होती. अमानुष छळानंतर २५ फेब्रुवारी २००० रोजी, आठ वर्षांची असताना, तिचा मृत्यू झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालात एक तपशील आहे. ही मुलगी त्या बाईसमोर ताठ उभी राहते हे समाजसेविकेपर्यंत पोचले होते, पण आफ्रिकन-कॅरिबियन कुटुंबांत मोठ्यांविषयी असा आदर असतोच, असा तर्क तिने केला. व्हिक्टोरियाच्या आईवडिलांनी चौकशीत सांगितले की आमच्या घरी ती कधीच अशी उभी राहत नसे. जी भीती होती ती संस्कृती म्हणून वाचली गेली, आणि योग्य वाचन करू शकणारी माणसे दुसऱ्या खंडात होती. त्यांना कोणी विचारले नव्हते.

म्हणून मी स्वतः ‘अमुक समाजातील मुले अशी असतात’ अशा पुस्तिकांपासून दूर राहते. त्यापेक्षा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेत दिलेली सोळा प्रश्नांची मुलाखत मला अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यातील एक प्रश्न साधारण असा आहे की तुमची ही अडचण तुम्ही घरच्यांना किंवा तुमच्या समाजातील माणसांना कशी सांगाल. मुले या प्रश्नाला जी उत्तरे देतात ती मला थेट प्रश्नांना क्वचितच मिळतात. काही मुले काय सांगतील यापेक्षा कोणाला सांगतील याचाच विचार करू लागतात, आणि तिथून माणसांचा शोध आपोआप सुरू होतो.

या सगळ्याच्या मागे एक इतिहास उभा आहे, आणि मदत करणाऱ्या व्यवसायांना तो टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियात १९१० ते १९७० या काळात तेथील आदिवासी मुलांपैकी दहात एक ते तिनात एक मूल कुटुंबापासून हिरावून संस्थांमध्ये आणि गोऱ्या घरांत ठेवले गेले, असा अंदाज १९९७च्या राष्ट्रीय चौकशीने दिला. पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत मूलनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुले कुटुंबापासून वेगळी केली गेली होती, आणि त्यातूनच १९७८ चा मूलनिवासी बालकल्याण कायदा झाला. मुलाला आधी नात्यात, मग त्याच्या जमातीत ठेवावे असा प्राधान्यक्रम त्यात आहे, आणि २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा सात विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवला. मुले काढून नेणाऱ्यांनी ‘मुलाच्या भल्यासाठी’ हेच शब्द वापरले होते. त्या समाजातील आजी समुपदेशकाच्या खोलीत येऊन हात बांधून बसते, विचारले तेवढेच बोलते आणि कागदावर सही करायला नकार देते, तेव्हा तिला ‘असहकार्य करणारी’ म्हणणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. तिचा संशय अनुभवातून आलेला आहे आणि तो दूर करण्याची जबाबदारी तिची नाही.

काही ठिकाणी याच समाजांनी पर्यायही घडवले. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने कुटुंब-परिषदेची पद्धत आणली, जिच्यात मुलाचे विस्तारित कुटुंब एकत्र बसते आणि व्यावसायिकांना बाहेर पाठवून आपसांत निर्णयाची चर्चा करते. व्यावसायिकांनी खोलीबाहेर थांबणे ही मला त्या पद्धतीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि आमच्यापैकी अनेकांना तीच सर्वांत जड जाते. तेथील माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्यूरी यांनी आरोग्याची कल्पना चार भिंतींच्या घराच्या रूपात मांडली: शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. एक भिंत खचली तर घर डळमळते, आणि आपण एकट्या मनाच्या भिंतीला टेकू देत बसतो. अमेरिकेत डोलोरेस सुबिया बिगफूट यांनी आघातावरील एक प्रचलित उपचारपद्धती घेऊन ती मूलनिवासी विचारातील वर्तुळाच्या कल्पनेशी जोडली; तिच्यात नातेसंबंध आणि अध्यात्म हे उपचाराच्या आतच येतात.

या प्रयत्नांचा काही उपयोग असतो का, असे विचारणाऱ्यांना मी कॅनडातील मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लॅलोंड यांचा १९९८ चा अभ्यास सांगते. ब्रिटिश कोलंबियातील मूलनिवासी समुदायांत तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण सरसकट जास्त आहे अशी समजूत होती. या दोघांनी प्रत्येक समुदाय वेगळा पाहिला, तेव्हा फरक प्रचंड निघाला. स्वशासन, जमिनीचा हक्क, स्वतःच्या शाळा, आरोग्यसेवा, सांस्कृतिक केंद्र, पोलीस व अग्निशमन यांवर नियंत्रण, अशा सहा खुणा त्यांनी तपासल्या होत्या. सहाही असलेल्या समुदायांत अभ्यासलेल्या पाच वर्षांत तरुणांची एकही आत्महत्या नव्हती. ही आकडेवारी समुदायांची आहे, एकेका मुलाची नाही, आणि तिच्यातून कार्यकारणभाव सरळ काढता येत नाही. तरीही संस्कृती ही मानसिक आरोग्याची सजावट आहे असे मानणाऱ्यांना तिचे उत्तर द्यावे लागेल.

भाषेविषयी मी अधिक हळवी आहे, हे कबूल करते. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या प्रौढांना क्रिस्टॉफ पालिए आणि सहकाऱ्यांनी कोरियन वाक्ये ऐकवली, तेव्हा त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद कोणत्याही अनोळखी भाषेला मिळावा तसाच होता. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांना उलट असे दिसले की चीनमधून अगदी लहानपणी दत्तक आलेल्या मुलींना त्या भाषेचा एकही शब्द येत नसला, तरी तिच्यातील स्वरांच्या चढउतारांना त्यांचा मेंदू द्विभाषिक मुलींसारखाच प्रतिसाद देतो. ही मुले दत्तक गेलेली होती, पण प्रतिपालक कुटुंबात दोन-तीन वर्षे राहणाऱ्या लहान मुलाचीही बोलण्याची भाषा झपाट्याने मागे पडते, आणि मग न्यायालय त्याला आईकडे परत पाठवायचे ठरवते तेव्हा आई आणि मूल यांच्यामध्ये दुभाषा बसवावा लागतो. आठवड्यातून दोनदा आजीशी फोनवर बोलणे ही अशा मुलासाठी चैनीची गोष्ट नव्हे. दुभाष्याचे काम थोरल्या भावंडाला देऊ नये, एवढेही जाता जाता सांगून ठेवते.

त्याच समाजातील प्रतिपालक कुटुंब मिळाले तर उत्तम, पण ते नेहमी मिळत नाही. नॉर्वेत एका सोमाली मुस्लिम आईचे मूल ख्रिश्चन कुटुंबात ठेवले गेले आणि पुढे आईचा विरोध असताना त्याच कुटुंबाला दत्तक दिले गेले. त्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १० डिसेंबर २०२१ रोजी आईच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील विसावे कलमही मुलाच्या संगोपनातील सातत्याकडे आणि त्याच्या वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमीकडे योग्य लक्ष द्यावे असे सांगते. परंतु कायदा दिशा दाखवतो. मंगळवारी सकाळी शाळेची घाई असताना काय करायचे ते प्रतिपालकालाच ठरवावे लागते. आफ्रिकी वंशाच्या मुलीचे केस कसे विंचरावेत हे ठाऊक नसलेल्या घरात ती मुलगी रोज सकाळी रडते, आणि शाळेत तिच्या केसांवरून चिडवले जाते. तिला ते केस विंचरणारी एक बाई शोधून देणे, तिच्या शेजारी बसून प्रतिपालक आईने ते शिकणे, आणि त्या वेळात त्या दोघींच्या गप्पांत मुलीलाही सामील होता येणे, याचा परिणाम मी माझ्या खोलीतील कित्येक तासांपेक्षा अधिक खोल होताना पाहिला आहे. मी मुलाला आठवड्यातून एकदा भेटते; प्रतिपालक उरलेला सगळा वेळ त्याच्यासोबत असतात, म्हणून माझा निम्मा वेळ त्यांना देणे मला रास्त वाटते.

उरतो मुलाचा नकार, आणि तो अवघड आहे. ज्या मुलीवर अत्याचार करणारा माणूस रोज नेमाने प्रार्थना करणारा होता, तिला त्या प्रार्थनेचे सूर घरात नको असतात. चौदा वर्षांच्या मुलाला वर्गातील इतरांसारखे दिसायचे असते, आणि आपण उत्साहाने त्याच्या समाजाच्या मेळाव्याची तिकिटे आणतो. अशा वेळी संस्कृती त्याच्यावर लादणे हे ती हिरावून घेण्याइतकेच त्याच्या मताकडे दुर्लक्ष करणे आहे. नकार मान्य करावा, तो कशाला आहे हे नेमके विचारावे, कारण मूल कधी एका माणसाला नकार देत असते आणि आपण तो पूर्ण समाजाला दिलेला समजतो. दरम्यान नातेवाइकांचे पत्ते, फोटो आणि कागदपत्रे सांभाळून ठेवावीत. ऑस्ट्रेलियात हिरावलेल्या मुलांना प्रौढपणी त्यांचे कुटुंब शोधून देण्यासाठी १९८० मध्ये ‘लिंक-अप’ ही सेवा सुरू करावी लागली. आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारावे, शक्यतो त्याच व्यक्तीने. समाजसेवक आणि समुपदेशक सतत बदलत राहिले की प्रत्येक नव्या माणसाला मुलाने स्वतःची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची असते, आणि चौथ्या-पाचव्या माणसापर्यंत पोचता पोचता बरीच मुले फक्त ‘ठीक आहे’ एवढेच सांगू लागतात.